फोन रिकामा करून गाणं शोधायचं कसं: बेळगाव भागातल्या नवख्यांसाठी

आपल्या सीमाभागातला फोन जरा लवकरच भरतो. कागदपत्रं कर्नाटकाची, सोयरीक कोल्हापूर-गडहिंग्लजकडची, पोरगं नोकरीला गोव्यात. दोन सिमकार्डं, दोन भाषांतल्या बातम्यांची ॲप, भावकीचा ग्रुप, गल्लीच्या मंडळाचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप. सरकारी मेसेज कन्नडमध्ये, बँकेचे इंग्रजीत, नातेवाइकांचे मराठीत. एवढ्या गर्दीत गाणं ऐकायला म्हणून फोन हातात घ्यावा, तर यूट्यूब तीच दहा गाणी पुन्हा पुढं करतं, कारण महिन्यापूर्वी आपण त्यातलं एक ऐकलेलं असतं.

ज्यांना फोन हलका करायचाय पण हात कुठं घालावा कळत नाही, आणि ज्यांना नेहमीपेक्षा वेगळं काही ऐकायचंय पण नाव कुठलं शोधावं कळत नाही, अशा दोघांसाठी हे लिहिते आहे. दोन्ही कामं मी मुद्दाम एकत्र सांगते. गल्लीत बऱ्याच जणांचे फोन साफ करून दिले. ज्यांनी नुसतेच साफ केले त्यांचे पंधरा दिवसांत पुन्हा भरले. मोकळा झालेला वेळ कशाला द्यायचा हे ज्यांनी आधी ठरवलं त्यांचे अजून हलके आहेत. आणि आपल्याला तर ठरवायला लांब जायला नको. आपण राहतो तो टापू हिंदुस्थानी संगीताच्या अगदी मधोमध आहे.

आधी कागद आणि पेन

फोनला हात लावायच्या आधी कागदावर लिहा: हा फोन नसता तर माझं कुठलं काम अडलं असतं? मनात धरू नका, लिहाच. बहुतेकांची यादी अशी होते: फोन, मेसेज, व्हॉट्सॲप, पैसे पाठवायचं एक ॲप, बँकेचं एक, कॅमेरा, नकाशा, डिजिलॉकर. आठ-दहाच्या पुढं यादी गेली तर पुन्हा वाचा. त्यात 'लागतं' आणि 'सवय आहे' यांची सरमिसळ झालेली असते.

मग सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडा. आयफोनवर त्याला 'स्क्रीन टाइम' म्हणतात. कुठल्या ॲपवर दिवसाचे किती तास गेले, फोन किती वेळा उघडला, कुठल्या ॲपने किती वेळा हाक मारली, सगळं तिथं असतं. हे आकडे त्याच कागदावर बाजूला उतरवा. महिन्याने ताडून बघायला उपयोगी पडतील.

काढायच्या आधी जपायचं ते

फोटो दुसरीकडं घेतल्याशिवाय काहीही पुसू नका. गूगल फोटोज असो, पेनड्राइव्ह असो, मुलाचा लॅपटॉप असो. तेरा वर्षांच्या पोरीचा पाचवीतला फोटो कुठल्या ग्रुपमध्ये आला होता, हे तो पुसल्यावरच आठवतं.

व्हॉट्सॲप, बँक आणि पैशांची ॲप या सफाईत काढू नका. पैशांचं ॲप परत टाकायचं झालं तर ज्या नंबरला बँक जोडलीय त्याच सिमवरून मेसेज जावा लागतो. दोन सिमवाल्यांची इथं हमखास गडबड होते, त्यामुळे कुठला नंबर कुठल्या बँकेला आहे ते आजच कागदावर लिहून ठेवा. झटपट कर्ज देणारं एखादं ॲप असेल तर हप्ता बाकी नाही ना हे बघून मगच काढा, आणि काढायच्या आधी त्याला दिलेल्या परवानग्या, विशेषतः कॉन्टॅक्ट्स आणि फोटोंच्या, सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा.

ॲप काढणं

हे काम एका बैठकीत करा. ॲपची पूर्ण यादी उघडा, वरून खाली या, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: कागदावर आहे का? नसेल तर काढा. इथं प्रत्येक घरात एकच वाक्य ऐकायला मिळतं: "असू दे की, कधीतरी लागेल." कधीतरी लागलं तर परत टाकायला दोन मिनिटं लागतात, आणि बहुतेक वेळा ते कधीतरी येतच नाही.

जी ॲप फोनबरोबरच आलेली असतात ती निघत नाहीत. त्यांना 'डिसेबल' करा. खरेदीची, बातम्यांची, बसच्या तिकिटांची कामं साध्या ब्राउझरमध्ये होतात. जमिनीचा उतारा बघायला कर्नाटक सरकारच्या 'भूमी'ची वेबसाइट पुरते. फेसबुक हवं असेल तर तेही ब्राउझरमधून उघडा: तिथं ते जरा अडखळत चालतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय.

पहिल्या पानावर सहाच चिन्हं ठेवा. रंगाची ओढ फार असेल तर 'बेडटाइम मोड'मध्ये जाऊन रात्रीपुरता पडदा काळा-पांढरा करता येतो. हे काही सगळ्यांना रुचत नाही, पण बघायला हरकत नाही.

घंटी

ॲप कमी करण्यापेक्षा नोटिफिकेशन बंद करण्याने जास्त फरक पडतो. पुढचे दोन दिवस जी-जी नोटिफिकेशन येईल तिच्यावर बोट दाबून धरा आणि तिथल्या तिथं बंद करा. माणसाने माणसाला पाठवलेलं तेवढं राहू दे: फोन, एसएमएस, व्हॉट्सॲपवरचे थेट मेसेज. बँकेचे ओटीपी बहुतेक एसएमएसनेच येतात, तेव्हा बँकेच्या ॲपची जाहिरातबाजी बंद केली तरी काही अडत नाही.

व्हॉट्सॲपचे ग्रुप

आपल्याकडं खरा भार इथं आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

आधी सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडा. 'मीडिया ऑटो-डाउनलोड'खाली तीन ओळी दिसतील: मोबाइल डेटा, वायफाय, रोमिंग. तिन्हींतल्या सगळ्या खुणा काढा. आता सकाळचे सुप्रभात आपणहोऊन फोनमध्ये उतरणार नाहीत. ज्याला हात लावाल तेवढंच येईल. मग 'मॅनेज स्टोरेज'मध्ये जा. कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्लीय ते मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने दिसतं. वडगावातल्या आमच्या एका माग चालवणाऱ्या मामांच्या फोनमध्ये सगळ्यात वर गणेशोत्सव मंडळाचा ग्रुप होता, आणि त्यात एकाच मिरवणुकीचा व्हिडिओ वेगवेगळ्या माणसांनी पुन्हापुन्हा टाकलेला. मामांनी तो एकदाच ठेवला, बाकीचे पुसले, आणि 'फोटो काढायला जागा नाही' ही त्यांची तक्रार तिथंच संपली.

ग्रुपचे तीन ढीग करा. ज्यातला निरोप चुकवून चालत नाही ते, म्हणजे शाळा, कामाची जागा, घरचे चार जण. ज्यात राहणं भाग आहे पण रोज वाचायची गरज नाही ते, म्हणजे भावकी आणि मंडळ. आणि ज्यात आपण का आहोत हेच माहीत नाही ते. पहिल्या ढिगाला हात लावू नका. दुसरा 'म्यूट' करून कायमचा 'आर्काइव्ह' करा, आणि चॅटच्या सेटिंग्जमध्ये 'कीप चॅट्स आर्काइव्ह्ड' चालू ठेवा, म्हणजे नवीन मेसेज आला तरी ग्रुप वर येणार नाही. तिसऱ्यातून बाहेर पडा. "काय म्हणतील?" ही भीती असेल तर एवढं सांगते की २०२२ पासून ग्रुप सोडल्याचा निरोप फक्त ॲडमिनला जातो, सगळ्यांच्या समोर ती ओळ उमटत नाही. ॲडमिन जवळचा असेल तर त्याला एक फोन करून सांगावं, झालं.

यूट्यूबचं तोंड बंद करणं

गाण्याच्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. यूट्यूबमध्ये आपल्या नावाच्या चिन्हावर जाऊन 'हिस्टरी' उघडा. मागचा सगळा इतिहास पुसा आणि पुढचा साठवणं थांबवा. दोन्ही करायचं, एकाने भागत नाही. मग ॲपचं पहिलं पान कोरं होतं. तिथं काही सुचवलं जात नाही. वर शोधायची चौकट तेवढी राहते. 'ऑटोप्ले'ही बंद करा, म्हणजे एक गाणं संपलं की शांतता होईल.

पहिले दोन-तीन दिवस ते कोरं पान खायला उठतं. राहू द्या. आता चौकटीत काहीतरी टाइप करावं लागेल, आणि त्यासाठी आपल्याला काय ऐकायचंय हे ठाऊक असावं लागेल. पुढचा सगळा भाग त्यासाठी. एक तोटा मात्र आहे: अर्धवट ऐकलेलं कुठं थांबलं ते यूट्यूब लक्षात ठेवत नाही. तो मिनिट आपण वहीत लिहायचा.

वही म्हणजे साधी शाळेची वही. यापुढं ती फोनशेजारी असू दे.

गाण्याची सुरुवात रेडिओपासून

नवीन गाणं शोधायला मी सगळ्यांना आधी आकाशवाणी सांगते. तिथं निवड करणारा माणूस असतो, आणि गाण्याआधी-नंतर तो नाव सांगतो. प्रसार भारतीच्या 'न्यूज ऑन एआयआर' ॲपवर धारवाड आहे, सांगली आहे, आणि 'रागम' नावाची चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनी आहे. ती २६ जानेवारी २०१६ ला सुरू झाली. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर मीडियम वेव्हवर ७६५ किलोहर्ट्झला धारवाड लावून बघा. धारवाड केंद्र १९५० पासून आहे, आणि आपल्या भागातल्या कितीतरी गवयांचा आवाज पहिल्यांदा घराघरांत पोचला तो तिथून.

सकाळी चहाच्या वेळी अर्धा तास लावा. जे आवडेल त्याचं नाव वहीत लिहा: गायक, राग, साथीला कोण. नाव ऐकू आलं नाही तर वेळ लिहा. समजलं नाही म्हणून बंद करू नका. चार दिवसांत एखादा आवाज असा येतो की हातातलं काम थांबतं. तोच धरायचा.

तीन मिनिटांचा राग

शास्त्रीय संगीत म्हटलं की नवख्याला तासाभराचा ख्याल, म्हणजे एकाच रागाची सावकाश मांडणी, दिसतो आणि तो मागं सरतो. त्याला सोपी वाट आहे. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. गवयाला अख्खा राग तेवढ्यात मांडावा लागायचा, त्यामुळे त्यात भरतीचं काही नसतं. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले आणि १९३७ साली वारले. त्यांच्या तबकड्या 'इंटरनेट अर्काइव्ह' या फुकट संग्रहाच्या वेबसाइटवर आणि यूट्यूबवर सहज सापडतात. झिंझोटी आणि भैरवीतल्या त्यांच्या ठुमऱ्यांपासून सुरुवात करा.

ऐकायची रीत अशी: एकच तबकडी आठवडाभर. पहिल्या दिवशी नुसती ऐका. दुसऱ्या दिवशी फक्त आवाज कुठं लांबतो ते बघा. तिसऱ्या दिवशी तबला सोडून काहीच ऐकू नका. खरखर आहे म्हणून वैतागू नका, दोन दिवसांत कान ती बाजूला करायला शिकतो. शनिवारपर्यंत ती चाल तुमच्या ओठांवर येते, आणि मग राग कशाला म्हणतात ते कोणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एका नावावरून दुसऱ्या नावाकडे

आता शोधायची खरी युक्ती. कुठलाही गवय एकटा नसतो. त्याला गुरू असतो, गुरुबंधू असतात, शिष्य असतात, साथीदार असतात. आवडलेल्या एका नावापासून यातल्या कुठल्याही दिशेने एक पाऊल टाका. एक नाव हातात असलं की चार मिळतात.

हे आपल्याच भागात करून दाखवते. अब्दुल करीम खाँचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. हुबळीजवळच्या कुंदगोळचे. त्यांच्याकडं शिकायला गंगुबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जायच्या, आणि गदग जिल्ह्यातल्या रोणला जन्मलेले भीमसेन जोशीही तिथंच शिकले. तिघांचा एकच राग एकापाठोपाठ एक ऐका. गंगुबाईंचा जाडसर, भरदार आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो. दुसऱ्या वेळी त्या आवाजाशिवाय तो राग पुरा वाटत नाही. भीमसेनांना आपण अभंगांमुळे ओळखतो. तीच तान ख्यालात कशी येते ते शोधून ऐका.

दुसरी साखळी धारवाडपासून सुरू होते आणि कोल्हापूरला जाते. मल्लिकार्जुन मन्सूर आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडं शिकले, आणि नंतर मंजी खाँ व भुर्जी खाँ यांच्याकडं. हे दोघे कोल्हापूरच्या अल्लादिया खाँचे मुलगे. अल्लादिया खाँच्याच शिष्या गोव्यातल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर. बेळगावात बसून नकाशावर बोट ठेवा: धारवाड, मिरज, कोल्हापूर, गोवा. चारही बाजूंना हे लोक होते, आणि त्यांच्या मधल्या बसथांब्यावर आपण उभे आहोत. मन्सूरांकडं अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग फार आहेत, आणि ते वेळ न दवडता थेट रागात शिरतात. लांब आलापाने ज्यांना झोप येते त्यांनी मन्सूरांपासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कुमार गंधर्व. त्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, आपल्या सुळेभावीचा. बेळगावहून गोकाककडं जाणाऱ्या रेल्वेवरचं स्टेशन ते. शिवपुत्र कोमकळी हे त्यांचं मूळ नाव. लहानपणीच गाजले, मुंबईला बी. आर. देवधरांकडं शिकले, क्षयाने बरीच वर्षं गाणं थांबलं, आणि मध्य प्रदेशात देवासला राहून ते पुन्हा गायला उभे राहिले. माळव्यातली लोकगीतं ऐकून त्यांनी राग बांधले, निर्गुणी भजनं वेगळ्याच ताकदीने म्हटली. त्यांचं बालपणातलं ध्वनिमुद्रण आणि देवासनंतरचं गाणं एकाच संध्याकाळी ऐकलंत तर एका माणसाच्या गळ्यात केवढा प्रवास झाला ते कळेल. आपल्या तालुक्यातल्या माणसाचं हे गाणं आपल्याच पोरांनी ऐकलेलं नसावं याची मला खंत वाटते, म्हणून त्यांचं नाव प्रत्येकाच्या वहीत मी आधी लिहायला लावते.

साथीदारांची वाट कमी लोक धरतात. पेटीवर तुळशीदास बोरकर असतील, तर त्यांचं नाव टाकून शोधा. बोरकर गोव्यातल्या बोरीचे, आणि शिकले पी. मधुकरांकडं. एका पेटीवाल्याच्या मागं गेलं की किती गवय भेटतात ते बघा.

कन्नडमधून शोधा

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसाच्या हातात एक किल्ली आहे, जी पुण्या-मुंबईच्या रसिकाकडं नसते. आपल्यातल्या बऱ्याच जणांना कन्नड वाचता येतं, निदान बसची पाटी वाचण्यापुरतं तरी. फोनच्या कीबोर्डमध्ये कन्नड जोडून घ्या आणि मन्सूर, भीमसेन, बसवराज राजगुरू ही नावं कन्नड लिपीत टाकून शोधा. देवनागरीत शोधून न दिसलेली ध्वनिमुद्रणं वर येतात. अक्षरं जुळवता येत नसतील तर कीबोर्डवरच्या माइकला कन्नडमध्ये नाव सांगा.

मग प्रकारांची नावं शोधा. 'वचन' म्हणजे बसवण्णा, अक्क महादेवींची वचनं. मन्सूरांनी ती गायली आहेत. 'दासर पद' म्हणजे हरिदासांची पदं. पुरंदरदासांच्या पदाच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' ही मुद्रा येते, आणि अभंगावर वाढलेल्या कानाला तो विठ्ठल ओळखीचा वाटल्याशिवाय राहत नाही. भीमसेनांनी अभंगही गायले आणि दासर पदंही. 'तत्त्वपद' म्हणजे शिशुनाळ शरीफ, १८१९ ते १८८९. त्यांची पदं सी. अश्वत्थ यांच्या आवाजात मिळतात. 'भावगीते' शोधलीत तर द. रा. बेंद्रे भेटतील, ज्यांची घरची भाषा मराठी होती आणि कविता कन्नडमध्ये अजरामर झाली. अर्थ लागला नाही तर शेजारच्या अक्कांना विचारा. गाण्याचा अर्थ विचारला म्हणून कोणी कधी रागावलेलं मी तरी बघितलेलं नाही.

घरातलं गाणं

ऐकण्यासारखं सगळं इंटरनेटवर नसतं. ज्या घरात सत्तरीपुढची आजी आहे, तिथं जात्यावरच्या ओव्या आहेत, लग्नातली गाणी आहेत, डोंगराला गेल्यावर म्हणायची यल्लम्माची पदं आहेत, आणि त्यातली काही अर्धी मराठी, अर्धी कन्नड आहेत. ही गाणी तिच्याबरोबर जातील. रिकाम्या केलेल्या फोनचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही, म्हणून नीट सांगते.

फोन 'एअरप्लेन मोड'वर टाका, म्हणजे मधेच रिंग वाजणार नाही. पंखा बंद करा. ऐकताना तो जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये गाण्यावर बसतो. टॉवेलची घडी करून तिच्यावर फोन ठेवा, आजीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, माइकचं भोक तिच्याकडं करून. माइक बहुतेक फोनना खालच्या कडेला असतो. रेकॉर्डर चालू केला की लगेच "आज्जी, गाणं म्हण" असं म्हणू नका. आधी तिचं माहेर विचारा. कुठलं गाव, कोण कोण दळायला बसायच्या, पहाटे किती वाजता. बोलता बोलता ती स्वतःच सुरू होते. मधे थांबली, शब्द विसरली, तर रेकॉर्डिंग थांबवू नका, ती मागून सापडवते. संपल्यावर तारीख, गाव आणि नाव आपल्या आवाजात सांगून मगच बंद करा. दुसऱ्या कोणाला पाठवायच्या आधी तिला विचारा. आणि त्याच दिवशी एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या.

घरात आता कोणी नसेल तर 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या वेबसाइटवर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांतून तो उभा आहे. ओवी मराठीत वाचता येते, आणि पुष्कळशा ओव्या बायकांच्या आवाजात ऐकताही येतात. एकदा आजीला ऐकवा. "ही आमच्यात अशी नव्हती," म्हणून ती आपली म्हणायला लागेल.

उठून जाऊन ऐकायचं

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर चौंडकं जवळून ऐका: एका तारेवर आणि एका चामड्यावर केवढा नाद निघतो ते रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाही. हल्याळच्या बाजूला सिद्दी लोकांचा डमाम नावाचा ढोल आहे. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ संगीतसभा होते; जोडून सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांची गल्ली बघून या. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन, म्हणजे ही त्या गावचीच खासियत अशी सरकारी नोंद, मिळालं. आणि गावातलं एकादशीचं भजन तर हाताशीच आहे. मैफल संपली की गाणाऱ्याला रागाचं नाव विचारावं, संकोच करू नये. नाव वहीत गेलं की पुढच्या आठवड्याचं ऐकणं ठरलं.

लांबच्या मुलखाचं काही हवं असेल तर 'रेडिओ गार्डन' बघा: पृथ्वीचा गोल फिरवायचा, एखाद्या ठिकाणी थांबायचं, तिथला रेडिओ वाजतो. नव्या कलाकारांसाठी 'बँडकॅम्प' चांगलं, तिथं आवडलं तर पैसे देऊन फाइल आपली करता येते. रीत तीच: नाव, साथीदार, गुरू, पुढचं नाव.

गाणी फोनमध्ये ठेवणं

जांबोटी, कणकुंबीकडं किंवा चोर्ला घाटात रेंज जाते, तेव्हा फोनमध्ये आहे तेच आपलं. पूर्वी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायचे, तेव्हा कार्ड हा एक संग्रह असायचा. कोणी काय भरलंय यावरून माणूस कळायचा. ती सवय परत आणण्यासारखी आहे. १२८ केबीपीएसची फाइल मिनिटाला साधारण एक एमबी जागा घेते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पाचशे तासांच्या आसपास गाणं मावतं. वाजवायला 'व्हीएलसी' घ्या. ते फुकट आहे आणि जाहिरात दाखवत नाही. आपल्या घरच्या सीडी, बँडकॅम्पवरून घेतलेलं, अर्काइव्हने उतरवायला दिलेलं आणि आजीचं रेकॉर्डिंग, एवढं त्यात असावं. फाइलचं नाव देवनागरीत 'गायक, राग, साल' या क्रमाने लिहा, म्हणजे शोधताना घोटाळा होत नाही.

ड्रॉवरमध्ये जुना फोन पडून असेल तर तो या कामाला उत्तम. सिम काढा, सगळं पुसा, व्हीएलसी आणि कार्ड टाका. स्वयंपाकघरात किंवा मागाशेजारी तो गाण्याचाच फोन. त्यावर कोणाचा मेसेज येत नाही. वायरवाला इअरफोन चालत असेल तर तोच वापरा, चार्ज करायची कटकट नाही.

महिन्यातून एकदा पहिला कागद पुन्हा काढा. अपडेट झाल्यावर काही ॲप पुन्हा नोटिफिकेशन मागायला लागतात, ती बंद करा. नवीन ॲप आलं असेल तर ते कागदावर लिहा, लिहायला जमत नसेल तर काढा.

आणि दर रविवारी वहीतलं एकच नाव एकाच माणसाला पाठवा. ग्रुपवर नको, फॉरवर्ड नको. गवयाचं नाव, रागाचं नाव, आणि कितव्या मिनिटापासून ऐक ते. खाली विचारा: तू या आठवड्यात काय ऐकलंस?